काहीच सापडलं नाही?

"म्हणजे काहीच सापडलं नाही तर." आमच्या अभ्यासाचं सादरीकरण ऐकून परीक्षक मॅडम सहज बोलून गेल्या, गुणांच्या कागदावर काहीतरी लिहिता लिहिता. मी उत्तर देणार तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली आणि पुढचा गट माईकपाशी आला. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्या चिडून बोलल्या असत्या तर मनातल्या मनात भांडता तरी आलं असतं.

आमचा प्रश्न साधा होता. शिकता शिकता नोकरी करणाऱ्यांना खरंच कमी गुण पडतात का? घरोघरी हे गृहीतच धरतात. ताईच्या वेळीही धरलं होतं. असो. प्रश्नावली घेऊन वर्गावर्गांत फिरलो. आधीचे गुण आणि घरची मिळकत रिग्रेशनमध्ये (प्रत्येक कारणाचा परिणाम वेगळा काढायची सांख्यिकी पद्धत) घेतली, नाहीतर ओढाताणीचा परिणाम नोकरीच्या खात्यावर जमा झाला असता. शेवटी नोकरीच्या तासांचा कोइफिशियंट (एका तासामागे गुण किती बदलतात तो आकडा) शून्याच्या जवळ आला, ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज, तो पट्टा) शून्याच्या दोन्ही बाजूंना, पी-व्हॅल्यू (परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता) ०.०५ च्या बरीच वर. शेजारच्या गटाच्या तक्त्यात तीन-तीन तारे होते, म्हणजे परिणाम निव्वळ योगायोग नसावा याची खूण. प्रश्न त्यांनाच आले, फोटोही त्यांचेच. आमच्या सुट्ट्या गेल्या, डोळे गेले, आणि हाती काय, तर "काहीच नाही".

पण खरंच काहीच नाही? परिणाम सापडला नाही आणि परिणाम नाहीच, यात केवढं अंतर आहे! इंटरव्हलच्या कडा नीट पाहिल्या तर नोकरीने गुण पार कोसळतात, हे आमच्या आकड्यांत बसत नाही. थोडेफार घटत असतील, ते नाकारता येत नाही. तेवढं बारीक दिसायला नमुना मोठा लागतो. हे सांगायला मला फक्त एक मिनिट हवं होतं.

रात्री कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा १९९४ चा पेपर पुन्हा काढला. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं. पाठ्यपुस्तकाप्रमाणे नोकऱ्या घटायला हव्या होत्या. त्यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंट्स तपासली. घट दिसली नाही. सगळे जे धरून चालले होते ते न दिसणं, हाच त्यांचा निष्कर्ष. त्यावरून किती वाद झाले! कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. क्रूगर तोवर राहिले नव्हते. त्यांच्याकडे कायदा एका बाजूला लागू आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी तुलना होती. आमच्याकडे नोकरी करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवलेलं. हा फरक मोठा आहे, आणि तो आमच्या मर्यादांमध्ये पहिलाच लिहिलाय.

शून्य निघालेले अभ्यास खणात पडून राहतात, असं मानसशास्त्रज्ञ रोझेन्थाल यांनी १९७९ मध्येच लिहिलंय. खणातलं कुणी वाचत नाही, मग पुढच्याला वाटतं जगात सगळीकडे तारेच आहेत.

गाईड सरांना विचारलं, सारांशाच्या पहिल्याच ओळीत इंटरव्हलच्या दोन्ही कडा लिहू का? हो म्हणाले. नावं काढून साफ केलेला डेटा आणि प्रश्नावली ज्युनिअर्सना द्यायची ठरलीय. त्यांनी नमुना वाढवला की कडा जवळ येतील. मग कोइफिशियंट शून्याच्या ज्या बाजूला जायचा त्या बाजूला जाऊ दे, मला चालेल.

मॅडमवरचा राग मात्र अजून गेलेला नाही.