तुम्ही विचारलंत म्हणून: एकच बटाटा का?

कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅली या खाणगावच्या बायकांच्या मदत मंडळाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: शाळेच्या मुलांकडून एकेक बटाटा आणि सरपणाचं एकेक लाकूड मागून कुणाचं पोट भरणार होतं?

आधी मदत लागायची कुणाला, ते बघा. 1850 मध्ये इथे गारगोटीच्या खडकात सोनं सापडलं आणि खोल खाणी सुरू झाल्या. एकट्या एम्पायर खाणीचे बोगदे जोडले तर 367 मैल भरतात. कामाला आले ते मुख्यतः इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले पिढीजात खाणकामगार. दरड कोसळली किंवा सुरुंग अवेळी उडाला की घरची कमाई त्याच दिवशी बंद. मालकाला भरपाई देणं भाग पाडणारा कायदा कॅलिफोर्नियात झाला 1913 साली. त्याआधी विधवेनं कोर्टात जायचं, आणि ‘चूक सोबतच्या कामगाराची’ किंवा ‘धोका माहीत असूनच त्यानं काम पत्करलं’ असं म्हणून मालकानं सुटायचं. या मंडळाचा, म्हणजे लेडीज रिलीफ सोसायटीचा डोनेशन डे (शाळेची मुलं बटाटा आणि लाकूड हातात घेऊन मिरवणुकीनं चालतात तो दिवस) सुरू झाला 1883 मध्ये, म्हणजे कायद्याच्या तीस वर्षं आधी. कल्पना कॅरोलिन मीड हॅन्सन यांची.

आता हिशेब. समजा, 500 मुलं आली. दीडशे ग्रॅमचा एक बटाटा धरला तर 75 किलो होतात. पाच माणसांच्या घरी रोज दीड किलो लागले तर पन्नास दिवसांची सोय. लाकूड दीड किलोचं धरलं तर साडेसातशे किलो. स्वयंपाक आणि ऊब मिळून रोज पंधरा किलो जळलं, तर तेही पन्नास दिवस. म्हणजे अख्ख्या मिरवणुकीतून एका घराचा जेमतेम हिवाळा निघतो. तुमची शंका रास्तच आहे.

पण मागणी लहान ठेवण्यातच या बायकांची खरी हुशारी होती, असं मला ठामपणे वाटतं. पैसे मागितले असते तर कुणी किती दिले हे दिसलं असतं, आणि ज्या घरी नाहीत त्या घरचं मूल रांगेबाहेर राहिलं असतं. बटाटा कॉर्नवॉलहून आलेल्या प्रत्येक घरात असायचाच, कारण खाणकामगाराच्या डब्यातल्या पेस्टीत गोमांस, कांदा आणि सलगमाबरोबर तोही लागे. (पेस्टी म्हणजे करंजीसारखी मुडपलेली, पण तळहाताहून मोठी आणि भट्टीत भाजलेली.) त्यामुळे ज्या घरी मदत जायची, त्या घरचं पोरही हातात बटाटा घेऊन इतरांबरोबर चालू शकत होतं.

असं सामान सांभाळणं मात्र सोपं नसतं. मुलांच्या हातून बटाटा पडतो, ठेचतो, आणि ठेचलेला एक बटाटा सबंध पोतं नासवतो. म्हणून पोत्यात भरण्याआधी निवडावे लागतात. ओले असतील तर सुकवून, अंधाऱ्या गार जागी ठेवावे लागतात. उजेडात ते हिरवे पडतात आणि कडवट होतात. लाकडाचं उलट: त्याला वारा हवा. ताज्या तोडीच्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. फोडून सहा महिने ते वर्षभर वाळवलं नाही तर ते धुमसतं, धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते आणि कधीतरी तीच पेट घेते. 1855 च्या आगीत तीनशेच्या आसपास इमारती गमावलेल्या या लाकडी गावात ओलं सरपण वाटणं म्हणजे मदतीबरोबर धोकाही घरात पाठवणं.

एम्पायर खाण 1956 मध्ये बंद पडली, मिरवणूक थांबली नाही. मुलं आता डबाबंद अन्न घेऊन चालतात. निवडणं तिथेही चुकत नाही: फुगलेला, गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा बाजूला काढावाच लागतो.