टाकलेलेच मणी का? तुम्ही विचारलंत म्हणून

जुन्या लाकडी मण्यांच्या माझ्या कलाकृती पाहायला येणारे लोक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: बाजारात हव्या त्या रंगाचे नवे, गुळगुळीत लाकडी मणी सहज मिळत असताना तुम्ही भंगारातलेच मणी का वापरता? पैसे वाचतात किंवा कचरा कमी होतो, असे काहीसे उत्तर त्यांना अपेक्षित असते. ही कारणे वाईट नाहीत, पण माझी नाहीत. नवा मणी अजून कोणाच्या उपयोगी पडलेला नसतो. जुन्या मण्यावर कोणाच्या तरी शरीराने वर्षानुवर्षे स्वतःची खूण उमटवलेली असते, आणि मला ती खूण लोकांसमोर ठेवायची आहे.

माझ्याकडचे बहुतेक मणी मोटारींच्या सीट कव्हरचे आहेत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाने ड्रायव्हरच्या सीटवर पसरलेले हे मण्यांचे कव्हर पाहिलेले असेल. रेक्झिनच्या सीटवर एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसभर बसले की पाठ घामाने चिकटते. मण्यांमुळे पाठ आणि रेक्झिन यांच्यामध्ये हवा खेळती राहते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे उत्पादन थांबल्यानंतरही तिच्या टॅक्सी धावत राहिल्या. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस या टॅक्सी रस्त्यावरून नाहीशा झाल्या. गाडी मोडीत निघते तेव्हा पत्रा, इंजिन, काच, अगदी दाराच्या मुठीलाही गिऱ्हाईक मिळते. मण्यांच्या कव्हरला मात्र कोणी विचारत नाही.

हे कव्हर जमिनीवर अंथरून वरून पाहावे. कडेचे मणी फिकट, जवळजवळ नव्यासारखे असतात. मधले मणी तेल, घाम आणि घर्षणाने काळपट तपकिरी झालेले असतात आणि त्यांच्यावरचे मूळचे व्हार्निश झिजून लाकडालाच एक चकाकी आलेली असते. कमरेच्या जागी हा काळपटपणा रुंदावतो आणि वर खांद्यांकडे जाताना अरुंद होतो. माझ्याकडच्या एका कव्हरवर उजव्या खांद्याची बाजू डावीपेक्षा स्पष्टपणे गडद आहे, कारण तो माणूस खिडकीत कोपर टेकवून, शरीराचा भार उजवीकडे टाकून गाडी चालवत असणार. त्याचे नाव मला ठाऊक नाही. त्याची बसण्याची ढब मात्र माझ्यासमोर आहे. त्यापेक्षा चांगले चित्र मी त्या मण्यांतून काढू शकेन, असे मला वाटत नाही.

एक मणी हातात घेतला तर आणखी काही दिसते. या विणीत प्रत्येक मण्यातून दोन दोरे जातात आणि ते मण्याच्या पोटात एकमेकांना छेदतात. माणूस सीटवर जरासा हलला तरी ते नायलॉनचे दोरे मण्याच्या तोंडावर घासतात, त्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होते आणि त्याच्या काठावर दोऱ्याची बारीक खाच पडते. बसण्याच्या जागेवरील मण्यांत ही खाच खोल असते, कडेच्या मण्यांत जवळजवळ नसतेच.

म्हणूनच माझ्या कामातला सर्वांत वेळखाऊ भाग मणी सोडवण्याचा आहे. कव्हर कापण्यापूर्वी मी त्याचा नकाशा काढते, प्रत्येक ओळीला क्रमांक देते आणि ओळीतले मणी त्याच क्रमाने वेगळ्या दोऱ्यात ओवून ठेवते. एकदा मणी डब्यात एकत्र ओतले की ते नुसते मणी उरतात. त्यांच्यातला माणूस हरवतो. त्यानंतर धूळ मऊ ब्रशने काढायची, फार मळ असेल तर रिठ्याच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसायचे आणि सावलीतच वाळवायचे, कारण उन्हात लाकूड तडकते. एखाद्या मण्यातून पिठासारखा भुसा पडत असेल तर त्यात कीड आहे, असे समजावे. असे मणी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मी दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवते. पॉलिशपेपर मी कधीच लावत नाही. अळशीच्या तेलाने लाकूड सुंदर दिसते, हे खरे, पण फिकट आणि गडद यांतला फरक त्या तेलाने कमी होतो, आणि माझे सगळे काम त्या फरकावरच उभे आहे.

मग हे मणी मी तंगुसाच्या ताणलेल्या दोऱ्यांवर, त्यांच्या मूळ क्रमाने, पण ओळींमध्ये थोडे अंतर ठेवून टांगते. अंतरामुळे मागच्या भिंतीवर सावली पडते आणि दुरून पाहणाऱ्याला आधी पाठमोरा माणूस दिसतो. मणी नंतर दिसतात. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेक चंद यांनी फुटक्या बांगड्या आणि कपबशांच्या तुकड्यांतून माणसे आणि प्राणी उभे केले, त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण तिथे बांगडीचा तुकडा दुसरेच काही होतो. मला मण्याला दुसरे काही होऊ द्यायचे नाही. माझी वाट गोधडीच्या जवळची आहे, जिच्यात आजीचे लुगडे शेवटपर्यंत आजीचे लुगडे म्हणून ओळखू येते.

तुळशीच्या तुटलेल्या माळांचे मणीही लोक मला आणून देतात. ते मी घेत नाही. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ तुटली तरी ती टाकलेली नसते; ती वृंदावनात ठेवायची की वाहत्या पाण्यात सोडायची, हे त्या घराने ठरवावे. जे कोणाच्या श्रद्धेचे आहे, त्यावर माझ्या कलेचा हक्क आहे, असे मी मानत नाही.

तुमच्या घरी, गाडीत किंवा माळ्यावर असे एखादे कव्हर पडून असेल आणि ते मला द्यावेसे वाटत असेल, तर कृपा करून ते धुऊ नका आणि त्याचे दोरेही कापू नका. गुंडाळी करा, कव्हरची वरची बाजू कोणती ते चिठ्ठीवर लिहा, आणि त्यावर बसणारी व्यक्ती तुमच्या ओळखीची असेल तर ती काय चालवत होती आणि साधारण किती वर्षे, एवढे जरूर लिहा.