आधी खोके, मग दगड: ओहायोतलं माझं किचन

नाशिकला येऊन आठवडा झाला. ताईने पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतलाय, किचनचं काम सुरू व्हायचंय, आणि मी आल्यापासून तिचं एकच चाललंय, "तू तिकडे स्वतः किचन बसवलंस ना, मला पण सेम तसंच पाहिजे, ओटाबिटा नको." फोटो सगळ्यांनी बघितलेत, पण त्या चार दिवसांत काय काय झालं ते कुणालाच नीट सांगितलेलं नाही, म्हणून आज लिहितोय.

मुळात फरक कुठे आहे बघा. आपल्याकडे गवंडी आधी ओटा बांधतो, कडप्प्याचे उभे सपोर्ट, वर ग्रॅनाईट, आणि ते पक्कं झालं की ट्रॉलीवाला येऊन मधल्या खणांची मापं घेतो. दगड स्वतःच्या पायावर उभा असतो, ट्रॉली नंतर आत जाते. तिकडे बरोबर उलटं, आधी लाकडी खोके, म्हणजे बेस कॅबिनेट, आणि दगड थेट त्यांच्या डोक्यावर. खोक्याची उंची 34.5 इंच, खोली 24 इंच, वर दगड धरून ओटा साधारण 36 इंचाला येतो, गॅसची रेंज, म्हणजे खाली ओव्हन असलेली उभी शेगडी, पण त्याच उंचीची मिळते, आणि डिशवॉशरसाठी 24 इंचाची जागा सोडायची. सगळं एकमेकांत अडकलेलं, त्यामुळे खोका वाकडा बसला तर वरचा दगड पण वाकडा, आणि क्वार्ट्झचा दगड तर अधांतरी राहिला की तडकू शकतो.

मी चुकलो ते पहिल्याच तासात. कोपऱ्यापासून सुरुवात करायची एवढं वाचलं होतं, म्हणून कोपऱ्यातला खोका ठेवला, लेव्हल केला, स्क्रू मारले, शेजारी दुसरा, मग तिसरा, आणि रेंजच्या बाजूला पोचलो तर जमीनच वर आलेली! पाऊण इंच. शेवटचा खोका बाकीच्यांपेक्षा उंच दिसायला लागला आणि आता तो खाली दाबणार कसा? खोक्याखाली पाचर घालून त्याला उचलता येतं, पण खाली नेता येत नाही, बुडाचं लाकूड कापावं लागतं. रात्री अकराला तिन्ही खोके परत सोडवले, खूप वाईट वाटलं.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला, इकडे सकाळ होती. सातपूरला आयुष्यभर फिटरचं काम केलेला माणूस, त्यांनी जमीन बघितलीच नाही, म्हणाले, "अरे, आधी पाण्याची नळी घे. सगळ्यात उंच जागा कुठाय ते शोध, मग सामान हलव." आपले गवंडी वापरतात तीच पारदर्शक नळी, पाणी भरायचं, आतले बुडबुडे काढायचे, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत येतं, खोली कितीही लांब असली तरी. हार्डवेअरच्या दुकानातून नळी आणली, उंच जागा सापडली, तिथून 34.5 इंच मोजून भिंतभर एक आडवी रेघ मारली. मग प्रत्येक खोका त्या रेघेला आणायचा, जिथे जमीन खाली तिथे पाचर. दुसऱ्यांदा सगळं कसं सरळ जमत गेलं!

भिंतीचं पण सांगायला हवं. तिकडची भिंत म्हणजे लाकडी उभे खांब आणि त्यावर जिप्समचा पातळ बोर्ड, नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू उपटून येतो. खांब बहुतेक एकमेकांपासून 16 इंचांवर असतात, ते शोधून, भोक पाडून, अडीच इंची कॅबिनेटचे स्क्रू त्यातच मारायचे. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू अजिबात नको, ते ठिसूळ, डोकं तुटतं. आणि खोके एकमेकांना जोडताना आधी क्लॅम्पने पुढच्या कडा घट्ट आवळायच्या, नाहीतर स्क्रू आत जाताना फट पडते. भिंतीला लागून असलेल्या खोक्याच्या कडेला पण लाकडाची एक पट्टी सोडावी लागते, तेवढी जागा नसेल तर हँडल भिंतीला लागतं आणि ड्रॉवर पूर्ण बाहेरच येत नाही.

दगडवाले माप घ्यायला आले ते सगळे खोके पक्के झाल्यावरच, त्याआधी येतच नाहीत. दगड बसेपर्यंत दोन आठवडे बायकोने इंडक्शनवर खिचडी आणि पिठलं करून घर चालवलं, भांडी बाथरूममध्ये.

तर ताई, तुला माझं मत. तुझी भिंत विटांची आहे, खांब शोधायचा प्रश्न नाही, प्लग घालून स्क्रू कुठेही बसेल. पण तिकडे किचन कोरड्या मॉपने पुसतात, आपल्याकडे फरशीवर पाणी ओततात, बुडाचं लाकूड जमिनीला टेकवलंस तर दोन पावसाळ्यांत फुगेल. खोके करायचेच तर बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचे कर आणि खाली ॲडजस्टेबल पाय लाव, पाय फिरवून लेव्हल होते, पाचर पण लागत नाही, पुढची पट्टी क्लिपवर बसते ती काढून आत झाडता येतं. सिंकच्या खाली मात्र मी कडप्पाच ठेवला असता, तिथे कधी ना कधी गळतंच.

काल मिस्त्री आले होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी पिशवीतून नळी काढली, एक टोक बाबांच्या हातात दिलं, आणि दोघं खिडकीपासून दारापर्यंत हळूहळू सरकत गेले. उंच जागा सिंकपाशी निघाली, रेघ तिथूनच मारलीये.