भाग सहावा: खुर्ची सोडली, दिवाळे कोळीवाड्याचा धक्का गाठला

गप्पांच्या कार्यक्रमाचा सहावा भाग परवा रात्री बांधून झाला. २८ मिनिटं. सामुदायिक रेडिओ केंद्राकडून अर्धा तास मिळतो, त्यात ओळखधून आणि सूचना जातात.

पहिले पाच भाग नेरुळला माझ्या खोलीत झाले. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, खिडकीवर दुहेरी घडीची रजई. आवाज स्वच्छ आला, पण माणसं खुर्चीत अवघडून बसायची. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातले एक माथाडी काका माइकसमोर सभेतल्यासारखं बोलले. नंतर जिन्यात चहा पिताना पहाटेच्या गाड्या, खांद्यावरचा कांदा, पहिल्या दिवशी रडत घरी गेले ते, सगळं मोकळेपणाने सांगितलं. रेकॉर्डर तेव्हा आत टेबलावर बंद करून ठेवलेला होता. ते मला अजून सलतं.

म्हणून यावेळी दिवाळे कोळीवाड्यात गेलो. तिथल्या कोळी मावशींनी घड्याळाची वेळ दिलीच नाही. "भरती लागली का ये," एवढंच. त्या मासळी निवडत होत्या, मी शेजारी पाटावर. हात कामात असले की बोलणं आपोआप सुटतं, हे त्या एका संध्याकाळी कळलं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. कॉलर माइक पदराला घासत होता, तो काढून रेकॉर्डरच हातात धरला, तोंडापासून वीतभर. खाडीवरच्या वाऱ्याला स्पंजची टोपी पुरत नाही, केसाळ टोपीच लागते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास, कारण मावशी मध्येच खळखळून हसतात, तेव्हा आवाज फाटायला नको. निघताना कुणी काही न बोलता मिनिटभर नुसता धक्का रेकॉर्ड केला. संकलनात जोड लपवायला तोच कामी आला.

खरा वेळ संकलनाने खाल्ला. पहिल्या फेरीत मी प्रत्येक थांबा कापला, ४१ मिनिटांची २७ केली. ऐकलं तर मावशी कुणीतरी लिहून दिलेलं वाचतायत असं वाटलं. निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, अजून मिळतात का, असं मी विचारलं होतं. त्यावर सात सेकंद त्या गप्प होत्या, मागून एका होडीचं इंजिन गेलं, मग म्हणाल्या, "नाय गो बाय. गेल्या त्या." ती सात सेकंदं मी उडवली होती. परत लावली. रेडिओवर शांतता म्हणजे चूक, असं मी आजवर धरून चालले होते.

बोलीवरून आमच्यात वाद झाला. प्रत्येक वाक्यानंतर प्रमाण मराठीत सांगावं, असं दोघांचं मत. करून पाहिलं, मावशींच्याच अंगणात आपण दुभाषे झाल्यासारखं झालं. आता सुरुवातीला दोन-तीन शब्द ओळखीचे करून देतो, बस.

जानेवारी १९८४ चं जासई-नवघरचं आंदोलनही त्यांच्या बोलण्यात आलं. सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठीच्या त्या लढ्यात पाच माणसं गेली. ती आठवण पूर्ण ठेवली. गावठाणातल्या घरांचा आजचा प्रश्न आला, तिथे मात्र हात आखडला. सामुदायिक केंद्राला स्वतःची बातमी देता येत नाही, आकाशवाणीची जशीच्या तशी लावता येते. ते तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेत. तिथे आठवण कुठे संपते आणि बातमी कुठे सुरू होते, हे केंद्रावर बसून ठरवायचंय.

प्रसारणाआधी पूर्ण भाग मावशींना ऐकवला. जावेबद्दलचं एक वाक्य काढ म्हणाल्या, काढलं. सातव्यासाठी पुन्हा माथाडी काकांकडे जाणार आहे, यावेळी बाजारात, त्यांच्या चहाच्या वेळेला.