आमची वाटचाल: पूर्वीचे पेशे आणि आजचे संशोधन

सामाजिक संशोधनाचे काम मिळवण्यासाठी सादर केलेल्या प्रत्येक प्रस्तावासोबत चमूचा परिचय जोडावा लागतो. पदव्या, अनुभवाची वर्षे, हाताळलेल्या प्रकल्पांची यादी आणि अवगत असलेल्या संगणक-प्रणालींची नावे एवढ्यावर तो परिचय बहुधा संपतो. आमच्या सल्लागार संस्थेच्या प्रस्तावांत मात्र हाच भाग लिहायला सर्वाधिक वेळ लागतो, कारण त्यात आम्ही आणखी एक गोष्ट आवर्जून मांडतो: ही व्यक्ती संशोधनाकडे वळण्यापूर्वी कोणते काम करत होती, त्या कामामुळे तिला काय चटकन दिसते आणि काय नजरेतून निसटू शकते. संस्थेच्या आजवरच्या घडणीत हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

संस्था सुरू करण्यापूर्वी मी विकास कार्यक्रमांना निधी देणाऱ्या एका संस्थेत कार्यक्रम अधिकारी होते. बाहेरच्या सल्लागारांकडून मूल्यमापने करून घेणे आणि त्यांचे अहवाल वाचून पुढील निधीविषयी शिफारस करणे हे माझे काम होते. काही अहवालांत तक्ते उत्तम असत, पण ती उत्तरे कोणी, कोणासमोर, कोणत्या परिस्थितीत दिली याचा थांग लागत नसे. काही अहवालांत माणसे जिवंत उभी राहत, पण ती अनुभव सांगणारी माणसे किती जणांचे प्रतिनिधित्व करतात, हे कळत नसे. मूल्यमापनासाठी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीचे निकष जगभर वापरले जातात. प्रस्तुतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी प्रभाव आणि टिकाऊपणा या पाच निकषांची मुळे समितीच्या १९९१ मधील तत्त्वांत आहेत आणि २०१९ मध्ये त्यांत सुसंगतीची भर पडली. कार्यक्षमता तपासायला हिशेब वाचता येणारा माणूस लागतो, प्रभाव मोजायला तुलनेची रचना करणारा लागतो आणि प्रस्तुतता समजून घ्यायला लोकांजवळ बसून त्यांचे म्हणणे ऐकणारा लागतो. ही तिन्ही कामे एकाच पठडीत तयार झालेल्या माणसांवर सोपवली, तर अहवालाचा एक भाग भक्कम आणि बाकीचे भाग उरकलेले होतात, हे मी इतक्यांदा वाचले होते की स्वतंत्र संस्था उभी करताना चमूची जुळणी हाच माझ्यापुढचा पहिला प्रश्न होता.

पहिले भागीदार संख्याशास्त्रज्ञ होते, पण समाजशास्त्राच्या वर्तुळातले नव्हते. त्यांची सारी नोकरी कारखान्यातील गुणवत्ता नियंत्रण विभागात झाली होती. उत्पादनातील चढउतार नेहमीचा कोणता आणि बिघाडाची खूण कोणती हे वेगळे ओळखण्यासाठी वॉल्टर श्युहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. ती पद्धत आमच्या भागीदारांच्या हाडीमाशी मुरलेली होती. मुलाखत हीसुद्धा एक प्रक्रिया आहे, ती रोज घडते आणि म्हणून तिचाही आलेख काढता येतो, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. मुलाखतीला लागलेला वेळ, ‘माहीत नाही’ या उत्तराचे प्रमाण, पुढचे दहा प्रश्न वगळायला लावणाऱ्या प्रश्नाला मिळालेली ‘नाही’ अशी उत्तरे आणि शून्य किंवा पाच या अंकांनी संपणारी (म्हणजे बहुधा अंदाजाने लिहिलेली) वये, या सर्वांचे मुलाखतकारनिहाय आलेख आमच्याकडे क्षेत्रपाहणी चालू असतानाच रोज संध्याकाळी पाहिले जातात. एखाद्या मुलाखतकाराच्या आलेखात अचानक बदल दिसला, तर पर्यवेक्षक दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत जातात. या भेटीचा हेतू कारण समजून घेण्याचा असतो. अनेकदा प्रश्नच दमवणारा असतो, कधी वस्तीतील लोक कामावर निघण्याच्या घाईत असतात, आणि क्वचितच मुलाखतकाराकडून खरोखर हयगय झालेली असते.

नमुन्याच्या आकाराबाबतही त्यांनी आम्हाला एक शिस्त लावली. निविदांमध्ये ३८४ हा आकडा वारंवार दिसतो. ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्क्यांची त्रुटीमर्यादा धरून साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे सर्वांतून थेट माणसे निवडली तर, तो येतो, पण प्रत्यक्षात मुलाखती वस्त्यावस्त्यांच्या गटांत घेतल्या जातात आणि एका वस्तीतील माणसे एकमेकांसारखी असतात. प्रत्येक वस्तीत २० मुलाखती घेतल्या आणि वस्तीअंतर्गत सहसंबंध, म्हणजे या सारखेपणाचे माप, ०.०५ इतका जरी असला, तरी रचना-परिणाम, म्हणजे गटांत मुलाखती घेतल्यामुळे नमुना किती पट मोठा लागतो तो आकडा, १.९५ येतो. म्हणजे १,००० मुलाखतींमधून मिळणारी अचूकता सुमारे ५१३ स्वतंत्र मुलाखतींइतकीच असते. हे गणित प्रस्तावाच्या टप्प्यावरच ग्राहकासमोर ठेवायचे, मग काम मिळो वा न मिळो, असा आमचा नियम आहे. त्यापायी काही कामे हातची गेली. नियम मात्र कायम आहे.

संख्याशास्त्राने चुकीची मर्यादा कळते, पण विचारणाऱ्याच्या मनातला कल त्यातून आपोआप गळून पडत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्टुअर्ट राइस यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण आम्ही प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. निराधार पुरुषांच्या मुलाखती घेणाऱ्यांपैकी एक जण दारूबंदीचा समर्थक होता आणि दुसरा समाजवादी विचारांचा. पहिल्याच्या नोंदींत या माणसांच्या दुरवस्थेचे कारण म्हणून दारू पुढे येत होती, तर दुसऱ्याच्या नोंदींत उद्योगधंद्यांची परिस्थिती. माणसाची मते जर मुलाखतीत अशी झिरपत असतील, तर ज्या पेशात त्याने उमेदीची वर्षे घालवली, त्या पेशाने घडवलेली नजर झिरपणारच. ती पुसून टाकण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा चमूत वेगवेगळ्या नजरा असाव्यात आणि कोणती नोंद कोणाच्या नजरेतून आली हे कळावे, अशी व्यवस्था करणे मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यासाठीचे साधनही जुनेच आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाच्या पाहणीत नमुन्याचे एकमेकांत गुंफलेले उपनमुने करून ते स्वतंत्र चमूंना देण्याची पद्धत रूढ केली, ज्यामुळे दोन चमूंच्या आकड्यांतील फरकावरून क्षेत्रकामाची गुणवत्ता तपासता येते. आम्ही मोठ्या पाहणीत उपनमुने वाटताना प्रत्येक चमूत भिन्न पेशांतून आलेली माणसे ठेवतो आणि निष्कर्षांत तफावत आली, तर ती अहवालात नोंदवतो.

आमच्या आरोग्यविषयक अभ्यासांच्या प्रमुख पूर्वी सामुदायिक आरोग्य परिचारिका होत्या. त्या आल्यानंतर आमच्या प्रश्नावल्या जेवढ्या बदलल्या, तेवढ्या दुसऱ्या कोणामुळेही बदलल्या नाहीत. घरी जाऊन तपासणी करणाऱ्या परिचारिकेला उंबरठ्यावरच कळते की या घरात आत्ता बोलता येईल की नाही, सासू शेजारी बसलेली असताना सुनेला काय विचारू नये, आणि बोलता बोलता थांबलेल्या बाईला पुढे बोलते करायचे की तिथेच विषय सोडून द्यायचा. मुलाखतीला एकांत मिळाला का, कोण उपस्थित होते आणि उत्तर देणारी व्यक्ती मध्येच गप्प झाली का, याची नोंद ठेवणारा रकाना त्यांच्या आग्रहामुळे प्रत्येक प्रश्नावलीत आला. विश्लेषणात या रकान्याचा उपयोग आम्ही सतत करतो, कारण घरातील हिंसेविषयीची किंवा गर्भपाताविषयीची उत्तरे एकांतात आणि इतरांसमोर सारखी नसतात. आठवणींवर आधारलेल्या प्रश्नांबाबतही त्यांचा अनुभव संशोधनाशी जुळणारा निघाला. लोक जुन्या घटना अलीकडे ओढून सांगतात, हे नेटर आणि वॅक्सबर्ग यांनी १९६४ मध्ये घरखर्चाच्या पाहणीतून दाखवले होते. परिचारिका म्हणून काम करताना आमच्या सहकारी आजाराची तारीख थेट विचारत नसत, तर ती एखाद्या ठळक घटनेच्या आधी की नंतर हे विचारत. आज आमचे सर्व मुलाखतकार त्या भागातील ठळक घटनांची दिनदर्शिका सोबत ठेवतात.

अपंगत्वाविषयी विचारतानाही त्यांनीच आम्हाला वॉशिंग्टन गटाच्या प्रश्नसंचाकडे वळवले. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाअंतर्गत २००१ मध्ये स्थापन झालेल्या या गटाच्या छोट्या संचात सहा प्रश्न आहेत. पाहणे, ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे किंवा लक्ष एकाग्र करणे, स्वतःची दैनंदिन काळजी घेणे आणि इतरांशी संवाद साधणे यांत किती अडचण येते, एवढेच ते विचारतात आणि उत्तरासाठी ‘काहीच अडचण नाही’पासून ‘अजिबात जमत नाही’पर्यंत चार पायऱ्या देतात. घरात कोणी अपंग आहे का, असे थेट विचारल्यावर ज्यांची गणनाच होत नाही, ती माणसे या प्रश्नांमुळे नोंदीत येतात.

येथे मारियनथालच्या अभ्यासाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. व्हिएन्नाजवळच्या या गावातील कापड कारखाना बंद पडल्यावर बेरोजगारीचे परिणाम जाणून घेण्यासाठी केलेला हा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागील तिघांपैकी पॉल लाझार्सफेल्ड गणिताचे, हान्स झाइझेल कायद्याचे आणि मारी याहोदा मानसशास्त्राच्या. त्यांनी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची नोंद घेतली, घरांतील जेवणाच्या याद्या मिळवल्या आणि रस्त्याने जाणारे पुरुष किती सावकाश चालतात व किती वेळा थांबतात, हेसुद्धा मोजले. अभ्यासकांपैकी कोणीही गावात निव्वळ निरीक्षक म्हणून वावरायचे नाही, गावाला उपयोगी पडेल असे काही काम प्रत्येकाने करायचे, असा त्यांचा दंडक होता, आणि म्हणून कपड्यांचे वाटप, वैद्यकीय तपासणी, शिवणाचे वर्ग अशा कामांतून ते लोकांना भेटले. भिन्न विद्याशाखांची माणसे एकाच प्रश्नाभोवती बसली की मोजमापाच्या किती नव्या जागा सापडतात, याचे इतके उत्तम उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

बाकीच्या सहकाऱ्यांविषयी थोडक्यात लिहिते. लेखापरीक्षणातून आलेले सहकारी लाभार्थ्यांच्या यादीचा, साठा-नोंदवहीचा आणि पावत्यांचा मेळ घालतात, आणि मुलाखतीत सांगितलेली गोष्ट कागदावर कुठे दिसायला हवी याचा विचार सर्वांत आधी करतात. प्राथमिक शाळेत शिकवलेल्या सहकारी प्रश्नावलीचा मसुदा मोठ्याने वाचून दाखवतात. एका वाक्यात दोन प्रश्न दडलेले असतील किंवा वाक्य ऐकताना सुरुवात विसरली जात असेल, तर ते कागदावर दिसण्याआधी कानाला जाणवते. वृत्तपत्रातून आलेल्या सहकाऱ्यांची वाट जरा वेगळी होती. अनोळखी माणसाला बोलते करणे, आणि स्रोताची ओळख कोणत्याही दबावाखाली उघड न करणे हे गुण ते सोबत घेऊन आले. पण बातमीदार वेगळे काय घडले ते शोधतो, तर संशोधकाला नेहमीचे काय घडते तेही तितक्याच आस्थेने लिहावे लागते. ही सवय अंगी यायला वेळ लागतो आणि तो वेळ संस्थेने द्यायला हवा, असे माझे मत आहे.

चमूच्या परिचयात ज्यांची नावे सहसा नसतात, त्या क्षेत्र-अन्वेषकांना आम्ही तिथे स्थान देतो. अहवालातील प्रत्येक आकडा प्रथम त्यांच्या हातून जातो. त्यांच्यात पूर्वी जनगणनेचे काम केलेले, अंगणवाडीत काम केलेले, विमा विकलेले असे अनेक जण आहेत. विमा विकलेला माणूस दार उघडून घेण्यात तरबेज असतो, पण नकार स्वीकारणे त्याला नव्याने शिकावे लागते, कारण संशोधनात नकार हा उत्तरदात्याचा हक्क आहे. माणसांवरील संशोधनाच्या नीतीविषयीच्या १९७९ च्या अमेरिकी बेलमॉन्ट अहवालाने व्यक्तीचा आदर, हितरक्षण आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली, त्यांतील पहिल्याच तत्त्वातून संमतीची अट येते. त्यामुळे पूर्ण झालेल्या मुलाखतींच्या संख्येवर बक्षीस देण्याची प्रथा आमच्याकडे नाही. मानधन दिवसावर ठरते, आणि सुमारे दहा टक्के घरांना फेरतपासणीसाठी दुसरी व्यक्ती भेट देते.

पूर्वीच्या पेशाची दुसरी बाजू म्हणजे हितसंबंध. ज्या कार्यक्रमाचे मूल्यमापन करायचे, तो राबवणाऱ्या संस्थेत आमच्यापैकी कोणी पूर्वी नोकरीला असेल, तर ती गोष्ट प्रस्तावातच लिहिली जाते आणि ती व्यक्ती त्या अभ्यासात निष्कर्ष लिहीत नाही. कार्यक्रम कसा चालतो हे समजावून सांगण्यापुरती तिची मदत घेतली जाते. मला स्वतःलाही या नियमामुळे काही अभ्यासांपासून दूर राहावे लागते. गुणात्मक मुलाखतींचे संकेतन करतानाही, म्हणजे मोकळ्या बोलण्यातील मुद्द्यांना शीर्षके देतानाही, दोन भिन्न पेशांतील सहकारी एकच मजकूर स्वतंत्रपणे वाचतात. त्यांच्यातील सहमती कोहेन यांच्या कप्पा गुणांकाने, म्हणजे योगायोगाने होणारी सहमती वजा करणाऱ्या मापाने, मोजली जाते, पण आमच्या दृष्टीने अधिक मोलाची असते ती मतभेदांवरची चर्चा, कारण परिचारिकेने ‘थकवा’ म्हणून टिपलेली गोष्ट लेखापरीक्षकाने ‘मजुरी बुडणे’ म्हणून टिपलेली असते आणि बहुधा दोन्ही नोंदी खऱ्या असतात.

सध्या आम्ही माहिती-सुरक्षा आणि कायदा या दोन्हींची जाण असलेल्या सहकाऱ्याच्या शोधात आहोत. नावे काढून टाकली की माहिती निनावी झाली, हा समज लताण्या स्वीनी यांच्या २००० मधील अभ्यासाने मोडीत काढला. जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी टपाल संकेतांक एवढ्यावरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक बहुधा एकमेव ठरतात, असे त्यांनी दाखवले. आमच्याकडे आता वस्त्यांची अक्षांश-रेखांशांसह नोंद होते, आणि लहान वस्तीत वय, शिक्षण व व्यवसाय एवढ्या तीन गोष्टींवरूनही माणूस ओळखू येऊ शकतो. ग्राहकाला मूळ माहिती कोणत्या रूपात द्यायची, कोणती स्तंभमाहिती ढोबळ गटांत मांडायची आणि ठरलेल्या मुदतीनंतर काय नष्ट करायचे, याचे करार हा सहकारी लिहील. तोपर्यंत अक्षांश-रेखांश असलेली मूळ माहिती आम्ही संस्थेबाहेर देत नाही.