माझ्या वजनाचा बोर्ड

सिअ‍ॅटलला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली नऊ वर्षं मी बर्फ बघितला तो गाडीच्या काचेतून. लेक सातवीत गेली आणि दर शनिवारी स्नोक्वाल्मी पास या जवळच्या डोंगरखिंडीत स्नोबोर्डिंग शिकायला जायला लागली. (दोन्ही पाय एकाच फळीला जखडून, आडवं उभं राहून बर्फाच्या उतारावरून घसरायचं, ते स्नोबोर्डिंग.) तिला सोडायचं, दिवसभर लॉजमध्ये कॉफी घेऊन बसायचं, संध्याकाळी परत आणायचं, असा एक हिवाळा गेला. पुढच्या हिवाळ्यात म्हटलं, इथवर येतोच आहोत तर नुसतं बसून का राहायचं? त्रेचाळिसाव्या वर्षी मी बोर्डवर उभी राहिले आणि पहिल्या तासाभरातच या खेळाच्या प्रेमात पडले.

चार शनिवार भाड्याचा बोर्ड घेतला. मग वाटलं, स्वतःचाच असावा. शहर सोडून चाललेल्या एका माणसाकडे वापरलेला बोर्ड मिळाला, १५४ सेंटिमीटरचा. त्याने तो माझ्यासमोर उभा धरला. टोक बरोबर माझ्या नाकाशी आलं. ‘हनुवटी ते नाक, हेच माप,’ असं तो म्हणाला. मीही तेच ऐकून होते. पैसे दिले आणि आनंदाने घरी आले.

त्यानंतरचे सहा शनिवार आठवले की अजून माकडहाड दुखतं. चवड्याकडच्या कडेवर मी कशीबशी वळायचे, पण टाचेकडच्या कडेवर आले की बोर्ड खडखडत सरळ खालीच घसरायचा. दाब देऊन देऊन मांड्या थरथरायच्या. मला वाटायचं, वय झालं, आता शरीर शिकत नाही. लेक म्हणायची, “आई, तू घाबरतेस म्हणून होतंय.” मी खरंच घाबरत होते, पण कारण ते नव्हतं.

कारण सांगितलं ते मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटलेल्या काकूंच्या यजमानांनी. काका मूळचे नाशिकचे, वीसेक वर्षं बर्फात जाणारे. त्यांच्या गॅरेजमध्ये बोर्ड उलटा ठेवून त्यांनी मधल्या भागाला मोजायची टेप लावली.

“तुझं वजन किती गं?”

“बावन्न.”

“आणि बूट?”

“आठ नंबर.”

“अगं, मग हा तुझा बोर्डच नाही. हा सत्तर किलोच्या पुरुषाचा आहे. मध्यावरची रुंदी बघ, २५४ मिलिमीटर. तुझी टाच कडेपर्यंत पोचतच नाही. दाब देणार कुठून?”

मग त्यांनी बोर्डची दोन टोकं दोन स्टुलांवर टेकवली आणि मला मधोमध हाताने दाबायला सांगितलं. बोर्ड जेमतेम हलला. त्याच जागी काकांनी स्वतःचा भार टाकला, तर तो छान वाकून परत वर आला. बोर्ड ही एक स्प्रिंग आहे, आणि स्प्रिंगला वजन कळतं, उंची कळत नाही, हे मला त्या दोन मिनिटांत समजलं. वळताना बोर्ड वाकला तरच त्याची कड बर्फात कमान आखते. माझ्या वजनाला तो वाकतच नव्हता, त्यामुळे मी फळीवर नुसती उभी राहून घसरत होते.

नवीन बोर्ड घ्यायचा ठरल्यावर पहिला प्रश्न मनात आला तो ‘कुठल्या ब्रँडचा?’ आपल्याकडे मिक्सर घेतानाही तोच पहिला प्रश्न असतो. दोन आठवडे रोज रात्री मी तेच वाचत बसले. या कंपन्यांचा इतिहास वाचण्यासारखा आहेच. १९६५च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगॉनला शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून खेळणं केलं, त्याचं नाव स्नर्फर. १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटरने व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली, ती आजची सगळ्यात मोठी कंपनी बर्टन. १९९८ला नागानोत स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आलं. दुसऱ्या बाजूला जुने स्कीवाले आहेत. फ्रान्सची रॉसिनॉल १९०७ची, सालोमाँ १९४७ची, आणि आमच्या इथली के-टू १९६२ची. त्यांनी स्नोबोर्ड नंतर हाती घेतले. जोन्स ही कंपनी काढली जेरेमी जोन्सने, जो खोल बर्फाच्या उभ्या डोंगरांवरून उतरण्यासाठी ओळखला जातो. त्याच्या बोर्डांच्या आकारात तो डोंगर दिसतो. कापिटाचा स्वतःचा कारखाना ऑस्ट्रियात आहे. आणि लिब टेक, ग्नू हे दोन ब्रँड मर्व्हिन नावाच्या एकाच कंपनीचे. त्यांचा कारखाना आमच्याच वॉशिंग्टन राज्यात, लॅव्हेंडरच्या शेतांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्क्विम गावाकडे आहे.

एवढं वाचूनही निवड पुढे सरकेना. कारण एकाच ब्रँडचे दोन बोर्ड एकमेकांपासून जितके वेगळे असतात तितके दोन ब्रँडांचे सारखे बोर्ड एकमेकांपासून वेगळे नसतात. बर्टन नवशिक्यासाठी मऊ, सपाट बोर्डही करते आणि शर्यतीच्या वेगाला टिकणारे ताठ बोर्डही करते. ‘बर्टन चांगली का जोन्स?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. हे कळल्यावर मी वही काढली आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी मी, मग इथला बर्फ, मग बोर्डचा आकार, आणि ब्रँड सगळ्यात शेवटी.

माझं वजन ५२ किलो. प्रत्येक कंपनी प्रत्येक लांबीपुढे वजनाचा पल्ला छापते, तो बघितला की माझ्यासाठी १४२ ते १४६ सेंटिमीटर निघत होतं, म्हणजे आधीच्या बोर्डपेक्षा जवळजवळ अर्धी वीत कमी. मध्यावरची रुंदी २४० मिलिमीटरच्या आसपास हवी होती, म्हणून बायकांसाठी केलेले बोर्ड. (नवऱ्याचं याच्या उलट. त्याचा बूट अकरा नंबरचा, त्याला ‘वाइड’ बोर्डच लागतो, नाहीतर वळताना बुटाचं टोक बर्फात घासून माणूस तोंडघशी पडतो.)

मग बर्फ. इथल्या कॅस्केड डोंगररांगेतल्या बर्फाला लोक ‘कॅस्केड काँक्रीट’ म्हणतात. समुद्र जवळ, खिंडीची उंची फक्त ९२० मीटर, त्यामुळे पडणारा बर्फ ओला आणि जड असतो, सैल भिजवलेल्या कणकेसारखा. दुपारी पावसाची सर येते, रात्री तेच पाणी गोठतं, आणि सकाळी नऊ वाजता उतार फरशीसारखा कडक झालेला असतो. मला अशा सकाळी पकडून ठेवणारी कड हवी होती.

आकाराचं प्रकरण समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. जमिनीवर ठेवल्यावर मधे उचललेला असतो तो कँबर, धनुष्यासारखा. त्याची पकड चांगली, उसळी चांगली, पण चूक झाली की कड अचानक बर्फात रुतते आणि आपटवते. मधे टेकलेला आणि टोकांना होडीसारखा वर गेलेला तो रॉकर. तो माफ करणारा, वळायला सोपा, पण कडक बर्फावर जरा निसटता. मधे सपाट असतो तो फ्लॅट. आणि आजकाल बहुतेक बोर्ड या तिन्हींचं मिश्रण असतात. शिवाय दोन्ही टोकं सारखी असली तर ट्विन, पुढचं टोक लांब असलं तर डिरेक्शनल.

तळाबद्दल दुकानदार फार बोलतात, मी थोडक्यात सांगते. एक्स्ट्रुडेड तळ स्वस्त, दुरुस्तीला सोपा आणि मेण लावायला विसरलात तरी चालणारा. सिंटर्ड तळ मेण शोषून घेतो, जास्त पळतो, महाग असतो, आणि नियमित मेण मागतो. शिकणाऱ्याने यावर झोप घालवू नये.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही म्हणून ठासून सांगते. बोर्ड किती ताठ, याचे आकडे एक ते दहा असे दिलेले असतात, पण ती मोजपट्टी प्रत्येक कंपनीची आपापली आहे. एकीचा पाच दुसरीच्या सातइतका ताठ असू शकतो. आणि मी वाचलेली बहुतेक परीक्षणं माझ्यापेक्षा पंचवीस-तीस किलोंनी जड असलेल्या पुरुषांनी लिहिलेली होती. त्यांना ‘लोण्यासारखा मऊ’ वाटलेला बोर्ड माझ्या पायाखाली मध्यम असतो. ते खोटं लिहीत नाहीत, पण त्यांचा अनुभव माझ्या वजनाचा नसतो. नंतर मी फक्त पन्नास-साठ किलोच्या बायकांनी लिहिलेलं वाचायला लागले आणि चित्र एकदम साफ झालं.

वहीत शेवटी तीन नावं उरली. बर्टनचा यीसेयर, सपाट आणि मऊ. जोन्सचा ड्रीम वीव्हर, डिरेक्शनल, पुढचं टोक चमच्यासारखं कडांना उचललेलं. आणि ग्नूचा लेडीज चॉइस. मार्चमध्ये एका रविवारी भाड्याने मिळणारे डेमो बोर्ड घेऊन मी तिन्ही वापरून बघितले, त्याच उतारावर, प्रत्येकी तीन-चार फेऱ्या. जमत असेल तर हे प्रत्येकाने करावं. कागदावरचे पंधरा दिवस त्या एका दिवसापुढे काहीच नाहीत.

यीसेयरवर पहिल्याच फेरीत माझी भीती गेली. माझ्या वजनाचा बोर्ड म्हणजे काय, ते पहिल्यांदा पायांना कळलं. तो घेऊन मी थांबले असते तरी सुखात राहिले असते. ड्रीम वीव्हर झाडांकडेला साठलेल्या ओल्या बर्फात असा तरंगत गेला की मला हसूच आलं. पण माझे बहुतेक दिवस त्या बर्फात जात नाहीत, तुडवलेल्या उतारावर जातात.

लेडीज चॉइस हातात घेतला तेव्हा आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड सरळ नाही, लाटालाटांची आहे. मर्व्हिनवाले तिला मॅग्ने-ट्रॅक्शन म्हणतात. मला आमच्या साताऱ्याच्या घरातली नारळ खवायची विळी आठवली. तिचे दात उभे नि टोकदार, इथल्या लाटा लांबट आणि मऊ, पण काम तेच. गुळगुळीत पात्यापेक्षा दातेरी पातं जास्त ठिकाणी धरतं. दुसरी गोष्ट, हा बोर्ड दोन्ही बाजूंनी सारखा नाही. चवड्यावर वळताना घोटा आणि पोटरी मदतीला येतात, टाचेवर ती मोकळीक मिळत नाही. म्हणून टाचेकडच्या कडेची कमान जास्त खोल कापलेली असते, म्हणजे त्या बाजूला बोर्ड लवकर वळतो. सोची आणि प्योंगचांग या दोन ऑलिंपिकमध्ये स्लोपस्टाइलचं (उतारावरच्या अडथळ्यांवरून आणि उड्यांवरून कसरती करायच्या स्पर्धेचं) सुवर्ण जिंकलेली जेमी अँडरसन याच नावाचा बोर्ड वापरायची. माझं आणि तिचं काय साम्य असणार? पण माझं दुखणं टाचेकडचंच होतं, आणि हा बोर्ड त्याच दुखण्यावर केलेला होता.

काकांनी तरीही लगेच घेऊ दिला नाही. “आधी बूट. बोर्डला तुझं म्हणणं बुटातूनच कळतं.” स्नोबोर्डच्या बुटाचं माप पावलाच्या लांबीवर असतं, सेंटिमीटरमध्ये. घरी भिंतीला टाच टेकवून, कागदावर अंगठ्यापाशी खूण करून मोजलं. २३.८ निघालं, म्हणजे २४चा बूट, इथल्या बायकांच्या मापात सात नंबर. रोजच्या सवयीने मी भाड्याचे बूट आठ नंबरचे मागत आले होते, पूर्ण एक नंबर मोठे! दुकानात चार जोड घालून बघितले. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलका टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की मागे सरला पाहिजे, आणि टाच अजिबात उचलता कामा नये. चौथा जोड तसा बसला. ब्रँड विचारू नका, तो माझ्या पावलाचा होता म्हणून घेतला. तुमचं पाऊल वेगळं असेल.

बूट बोर्डला जखडणारी बाइंडिंग घेताना एकच गोष्ट तपासली. बर्टनच्या बोर्डवर स्क्रूसाठी लांब खाच असते, तिला चॅनल म्हणतात, तर इतर बहुतेक कंपन्यांच्या बोर्डवर ठरावीक अंतरावर भोकं असतात. बर्टनची ईएसटी बाइंडिंग फक्त चॅनलवर बसतात. बाकीची बहुतेक दोन्हीवर बसतात, पण सोबतची चकती बघून घ्यावी लागते. वापरलेलं सामान घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

एप्रिलच्या सुरुवातीला सरत्या हंगामाचा बोर्ड तीस टक्के कमी किमतीत मिळाला. पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये नवीन काय आलं होतं? मुख्यतः चित्र. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जुनी चादर अंथरून मी आणि लेकीने बाइंडिंग लावलं. स्क्रूला तीन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागतो, घरातला नेहमीचा लावला तर डोकं झिजतं. पुढचा पाय १५ अंश बाहेर, मागचा ९ अंश उलट्या बाजूला, आणि बूट असा बसवला की चवडा आणि टाच कडेबाहेर सारखीच येतील.

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो जानेवारीत गुलमर्गला कोर्स करणार आहे, “मावशी, मी पण ग्नूच घेऊ का?” मी नको म्हटलं. तिथे वरच्या टप्प्याची गोंडोला (केबल कार) अफरवत शिखरावर चार हजार मीटरच्या जवळ नेते, तिथला बर्फ कोरडा आणि खोल, आणि त्याचं वजन ८१ किलो. शिकेपर्यंत तिथलाच भाड्याचा बोर्ड वापर, पण वजन आणि बुटाचं माप सांगून माग, आणि वर जाण्याइतका तयार झालास की लांब, डिरेक्शनल बोर्डाकडे बघ, असं सांगितलं. मी जो बोर्ड जिवापाड जपते तो त्याला तिथे गुडघाभर बर्फात दमवेल.

माझ्या बोर्डवरची पहिली सकाळ कडक बर्फाचीच होती. लेक पुढे गेली होती. मी टाचेवर आले, सवयीने मांड्या आवळल्या, आणि खडखडाट झालाच नाही. वळण संपलं तशी थांबून मागे वळून बघितलं. एरवी माझ्यामागे खरवडलेल्या बर्फाचा रुंद पट्टा असायचा. त्या दिवशी उतारावर पेन्सिलने ओढल्यासारखी एक बारीक रेघ होती, वरच्या पिवळ्या खांबापासून माझ्या पायापर्यंत. लेकीला हाका मारून मारून वर बोलावलं आणि ती रेघ दाखवली.