खासबाग बघायचंय? मग आधी तालमीत जा

कोल्हापुरात कुस्तीचं म्युझियम कुठंय असं विचारलं तर रिक्षावाले काका म्हणाले, "काचंतलं बघून काय करतायसा, तालमीत जावा की." पटलं. कारण खासबाग मैदानात थेट घुसलात तर एरवी तिथं मधे लाल मातीचा हौदा आणि भोवती बसायच्या जागा एवढंच दिसतं, माणूस फोटो काढतो आणि मिसळीकडे वळतो.

म्हणून पहाटे उठा, उजाडायच्या आत. मोतीबाग तालीम भवानी मंडपाजवळच आहे, नाहीतर गंगावेश, एक तालीम पुरे. चपला बाहेर, आधी वस्तादांना रामराम, परवानगी मिळाली तरच मोबाईल बाहेर काढायचा, आणि हौद्यात पाय टाकायचा नाही म्हणजे नाही. सोबत बायका असतील तर आदल्या दिवशीच विचारून ठेवा, सगळीकडे चालेलच असं नाही. पोरं जोर-बैठका मारत असतात, तुमच्याकडे कोणी बघत पण नाही. जाताना दोन नावं माहीत असू द्या: श्रीपती खंचनाळे, १९५९ चे पहिले हिंदकेसरी (कुस्तीतला देशपातळीवरचा किताब), आणि गणपतराव आंदळकर, १९६० चे हिंदकेसरी आणि पुढं मोतीबागेचेच वस्ताद. मग गप्पा आपोआप सुरू होतात.

आता खासबाग. शाहू महाराज १९०२ ला युरोपात गेले, रोमचं कलोसियम बघितलं आणि तसलं कुस्तीला पाहिजे म्हणून हे मैदान बांधून घेतलं, १९१२ ला पूर्ण झालं. सगळ्यात मागच्या ओळीत जाऊन बसाच, उतार असा काढलाय की तिथूनही हौदा पूर्ण दिसतो, पुढच्याचं डोकं मधे येत नाही. हल्लीच्या किती स्टेडियमला हे जमतं सांगा. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, तेव्हा त्या बाजूला काय उघडं आहे ते चौकशी करून जा. मोठ्या कुस्त्या असतील तो दिवस साधला तर उत्तमच, हलगी लागली की वेगळाच माहोल, पण गाडी लांब लावून चालत या.

पुण्याकडे परतताना कराडला लागून गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. हेलसिंकीला १९५२ मध्ये ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपल खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. घराचं नाव 'ऑलिम्पिक निवास', गावात कुणीही दाखवेल, फक्त ते राहतं घर आहे, दुपारी झोपेच्या वेळी दार वाजवू नका.